गोंड्यावरची माशी

तुम्ही पाठवलेला माशीचा फोटो मिळाला. तुमच्या खिडकीच्या काचेवर बसलेली, निळसर पाठीची. खाली विचारलं आहे, "आजी, ही कोणती?" तुमच्या आजोबांनी चष्मा कपाळावर सारून फोटो पाहिला आणि "परदेशी आहे" असं निदान केलं. मला त्याहून थोडं जास्त सांगता येईल, पण सांगणार नाही. का सांगणार नाही ते इथं नीट लिहून ठेवते. फोनवर सांगायला गेलं की तुम्ही "हो आजी, हो आजी" म्हणता आणि मागं कसला तरी खेळ चालू असलेला मला ऐकू येतो.

हा नाद मला तुम्हीच लावलात. तीन वर्षांपूर्वी माकणीला आला होतात तेव्हा माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलंत. पाखराचा, पानाचा, किड्याचा फोटो काढून त्यात टाकायचा आणि जगभरातली माणसं त्याचं नाव सांगतात. तुम्ही चार दिवस सरडे आणि बगळे टिपले आणि परत गेलात. ॲप माझ्याकडं राहिलं. मी पाहिलं तर फुलं, पक्षी, फुलपाखरं यांच्यामागं सगळं जग लागलेलं. माशांकडं कोणी ढुंकून बघत नव्हतं. लोहाऱ्याच्या कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यामुळं मला मागच्या बाकावरच्यांची सवय आहे. मी माशा घेतल्या.

"ही हल्ली माशा मारत बसते" हा विनोद आजोबांनी पहिल्याच दिवशी केला. तो ते अजून करतात, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर, आणि पाहुणा हसेपर्यंत थांबतात.

कुठलंही काम पद्धतशीर केल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी दोनशे पानांची वही आणली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, जागा, कोणत्या झाडावर, लांबी किती मिलिमीटर, पंखावर डाग आहेत की नाहीत, आणि शेवटी नाव. माशी फोटोसाठी स्थिर बसत नाही. म्हणून तिला डबीत पकडायची आणि पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायची. ती गारठते, मरत नाही. मग पांढऱ्या ताटलीत फूटपट्टीशेजारी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे. ऊन लागलं की ती आपली उडून जाते. या कामाला मी स्टीलची एक डबी वेगळी काढली होती. ती आजोबांच्या बडीशेपेच्या डबीसारखी दिसते हे मला मान्य आहे. पण बडीशेप फ्रीजमध्ये कोण शोधतं? एकदा जेवण झाल्यावर त्यांनी शोधली, आणि न बघता तळहातावर उपडी केली.

"अगं, ही हलतेय!"

"हलणारच. जिवंत आहे ती."

"मेलेली असती तर मी निदान वेलदोडा समजून खाल्ली तरी असती," असं म्हणून ते हात धुवायला गेले. त्या दिवसापासून ते माझ्या हातचा मुखवाससुद्धा उजेडात बघून खातात.

आता त्या ॲपवरच्या मंडळींविषयी. पहिलं उत्तर यंत्र देतं, तेही पापणी लवायच्या आत. त्यानं माझ्या एका माशीला मधमाशी म्हटलं, दुसरीला तुळशीचं बी. त्यानंतर माणसं येतात. काही जण असे की आधीच्यानं जे म्हटलं असेल त्याला मान डोलावतात. या मुलांना मी ओळखते. त्यांच्या उत्तरपत्रिका एकमेकींसारख्या असायच्या, चुकांसकट. खरे जाणकार मात्र थोडे. त्यातले एक गृहस्थ कुठल्याशा थंड देशात राहतात आणि त्यांना माझ्या माशांमध्ये रस आहे. त्यांनी लिहिलं, पंखांच्या शिरा दिसत नाहीत. मी शिरा दाखवल्या. मग म्हणाले, चेहरा समोरून हवा. तोही दाखवला. मग मागच्या पायाची मांडी बाजूनं हवी. आमच्या काळी मुलगी बघायला येणारी मंडळी चालून दाखवायला सांगत, केस सोडून दाखवायला सांगत, पण इतकं नाही. आणि सगळं बघून झाल्यावर स्थळाकडून येतो तसा निरोप: फोटोवरून सांगता येणार नाही.

तरी मला त्यांचा आदर वाटायला लागला. ठाऊक नसेल तर बोलायचं नाही, ही शिस्त मी वर्गात जन्मभर शिकवली आणि कोणी पाळली नाही. इथं एक माणूस ती पाळत होता. मीही ठरवलं, नाव पक्कं झाल्याशिवाय आपण एक अक्षर बोलायचं नाही. हा नियम महागात पडला. मला नाही, दुसरीला.

आमच्या रानाच्या बांधाला लागून एका बाईंचं रान आहे. चाळिशीच्या आतबाहेर वय. नवरा पुण्याला टेम्पो चालवतो. रान धाकटा दीर बघतो, म्हणजे ऊस लावतो आणि चौकात बसतो. धरणाचं पाणी आल्यापासून आमच्याकडं ऊस लावणं आणि शेती करणं यांत लोकांना फरक वाटत नाही. या बाईंना कांद्याचं बी धरायचं होतं. माहेरी त्यांनी ते काम केलेलं. कांदे लावायचे, त्यांना कमरेएवढे दांडे येतात, दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडू येतो, त्याला गोंडा म्हणतात. एका गोंड्यात बारीक बारीक शेकडो फुलं. एका फुलाचं पिवळं दुसऱ्या फुलाला लागलं तर काळं बी भरतं, न लागलं तर फोलपट. दोन वर्षं त्या घरात हे मागत होत्या. शेवटी दिरानं सासूसमोर निकाल दिला.

"अर्धा एकर घ्या, वैनी. एक साल. गोंडे भरले तर रान तुमच्याकडं. न्हाय भरले तर मुकाट ऊस."

त्यांच्या सगळ्या संसारात त्यांनी स्वतः ठरवलेली ही पहिली गोष्ट असावी. दिवसातून चार वेळा त्या रानात जाऊन येत.

मागच्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका दुपारी त्या दिराचा फोन हातात धरून आमच्या ओट्यावर आल्या. गावात मला सगळे बाईच म्हणतात, आणि मी त्यांना बाई म्हणते.

"बाई, ह्ये बघा. गोंड्यावर लई माशा झाल्यात."

फोटोत निम्मा दिराचा अंगठा होता आणि उरलेल्या निम्म्यात एक धूसर ठिपका. दिरानं तो लोहाऱ्याच्या खत-औषधांच्या दुकानदाराला पाठवला होता. आमच्याकडची ही पद्धत तुम्हाला ठाऊक नसेल. शेतकरी पानाचा फोटो पाठवतो, दुकानदार बाटलीचा फोटो पाठवतो. मध्ये शब्द लागत नाहीत. बाटलीत विष असतं, पण त्याला सगळे औषध म्हणतात. या खेपेला दुकानदारानं मेहेरबानी करून एक ओळ लिहिली होती: कांदामाशी आहे, उद्या सकाळीच मारून घ्या.

कांदामाशी नावाची माशी असते. ती करड्या रंगाची, घरमाशीसारखी, आणि तिच्या अळ्या जमिनीतला कांदा खातात. पण दुकानदाराचं शास्त्र सोपं होतं. कांद्यावर बसली म्हणून कांदामाशी.

"उद्या माझ्या टकलावर बसली तर तिचं काय नाव ठेवतील?" आजोबा आतून म्हणाले. बाईंनी पदर तोंडाला लावला. मग लगेच गंभीर झाल्या.

"बाई, तुमी माशांचं शिकताव ना? तुमी सांगा. मारायची का ठिवायची? भाऊजींनी पंप धुऊन ठिवलाय."

माझ्या वहीला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझी मान ताठ झाली. मी म्हणाले, "आधी ओळख पटू दे," आणि फूटपट्टी, डबी, भिंग घेऊन त्यांच्याबरोबर रानात गेले.

गोंडे पूर्ण फुललेले होते. त्यांच्यावर माशाच माशा. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, आणि डोळे असे की कोणी सुईच्या टोकानं ठिपके काढून ठेवलेत. फुलासमोर हवेत एका जागी थांबायच्या, मग अलगद बसायच्या. मला बघताक्षणी कळलं की ही हॉवरफ्लायच्या घराण्यातली. फुलाफुलांवर फिरून रस आणि पराग खाणारी. कांदामाशीशी तिचं नातं म्हशीचं शेळीशी असतं तेवढंच. हे मला दुपारी चार वाजता, बांधावर उभी असताना ठाऊक होतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

पण घराणं म्हणजे काही नाव नव्हे. माझा शेवटचा रकाना घराण्यानं भरत नाही. मी चाळीस फोटो काढले, त्यांतले नऊ निवडले, स्वच्छ इंग्रजीत मजकूर लिहिला, "तातडीचं आहे" असंही लिहिलं, आणि थंड देशातल्या गृहस्थांच्या उत्तराची वाट बघत घरी येऊन बसले. बाई तिथंच बांधावर बसून राहिल्या. मला वाटलं, दमल्या असतील.

दिवेलागणीला त्या पुन्हा ओट्यावर.

"काय निघालं, बाई?"

"अजून नक्की नाही. दोन प्रजाती अगदी सारख्या दिसतात. मागच्या पायाची मांडी काळी की पिवळी, त्यावर आहे."

"मांडी?"

"हो."

त्यांनी थोडा वेळ त्या मांडीचा विचार केला. "पर बाई, गुणाची हाय का वाईट?"

"प्रजाती कळल्याशिवाय तसं म्हणणं शास्त्रीय होणार नाही."

शास्त्रीय हा शब्द मी खरोखर उच्चारला. कांद्याचे गोंडे वाचवायला आलेल्या बाईसमोर. दारात आलेल्या माणसाची आधी जात विचारायची आणि मग पाणी द्यायचं की नाही ते ठरवायचं, ही आमच्या भागातली जुनी घाण. तिच्यावर मी कॉलेजात भाषणं दिली आहेत. आणि इथं एका माशीच्या बाबतीत मी तेच करत बसले होते, वर त्याला शिस्त म्हणत होते.

एवढ्यात दीर त्यांना बोलवायला आला. फाटकातूनच ओरडला, "बाई, तुमचा निकाल कवा लागायचा? बोर्डाचा तरी जूनात लागतो!"

"उद्या," मी म्हणाले.

"उद्या सकाळी तर मारायचीच हाय. मग मेलेलीचा लावा निकाल."

सकाळी सहाला फोन बघितला. उत्तर आलेलं होतं: मागच्या मांडीचा बाजूनं, स्पष्ट, आणखी एक फोटो मिळेल का? आणि मी, तुमची शिकलेली आजी, डबी घेऊन माशी पकडायला बाहेर पडले. वहीत नाव भरायला निघाले होते, गोंडे वाचवायला नाही.

बांधाजवळ पोचले तोच बॅटरीच्या पंपाची घरघर ऐकू आली. दीर तोंडाला गमछा बांधून पूर्वेच्या कडेनं मारत आला होता. निम्म्या रानाचे गोंडे ओले चकचकीत झाले होते. पुढच्या सरीत बाई दोन्ही हात पसरून उभ्या होत्या, रस्त्यात म्हैस अडवावी तशा.

"भाऊजी, थांबा. बाई आल्या. बाईला इचारू द्या."

"इचारा की. काल दिसभर इचारलं, आज बी इचारा."

त्या माझ्याकडं वळल्या. "बाई, नाव ऱ्हाऊ द्या. ही गोंड्यातलं बी खाती का?"

"नाही."

"खालचा कांदा?"

"नाही."

"गोंड्यात अंडी घालती?"

"नाही. तिच्या अळ्या घाण पाण्यात वाढतात. आपल्या गल्लीतल्या गटारात असतात तशा."

"मंग ही फुलाचं वाईट करती तरी काय?"

"काहीच नाही."

त्यांनी पसरलेले हात खाली घेतले. मग म्हणाल्या, "मंग ह्ये काल का न्हाय सांगितलं?"

माझ्या एका हातात डबी होती आणि दुसऱ्या हातात फूटपट्टी.

दिरानं गमछा खाली ओढला. "गटारातली कीड आन् ती रानात पोसायची व्हय?"

"कुठली का असंना," बाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण त्यांना असं बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं. "काल दुपारपसनं बसून बघितलंय म्या. ह्या गोंड्यावरनं उठती, पोटाला पिवळं लागल्यालं असतंय, आन् त्या गोंड्यावर जाऊन बसती. माझ्या माहेरी ह्याच कामाला आमी पोरी सकाळभर गोंड्यावरनं हात फिरवीत हिंडायचो. हात सोलपटायचे. ही आपणहून करतीया, आन् तुमी तिला मारताव?"

म्हणजे आदल्या दिवशी बांधावर त्या दमून बसल्या नव्हत्या. मी घरी पायाच्या मांडीचा रंग ठरवत होते, तेवढ्या वेळात त्यांनी माशीची सगळी माहिती काढली होती. फक्त त्यांना शिकलेल्या माणसाकडून एक 'हो' हवा होता, कारण त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांचा पुरावा त्या घरात चालत नव्हता. तेवढा एक 'हो' मी चौदा तास दाबून ठेवला.

दीर हसला. "बरं. अर्धं झालंय माझं. उरलेलं ठिवा तुमच्या माशीला. बघू कुणाचं भरतंय." पंपातलं उरलेलं औषध त्यानं जाता जाता शेजारच्या उसावर मारून टाकलं. उसाला काही झालेलं नव्हतं. पण कालवलेलं औषध टाकून द्यायला त्याचं मन धजेना.

पुढचे आठ-दहा दिवस मी रोज जाऊन बघत होते. पश्चिमेच्या गोंड्यांवर सकाळपासून गुणगुण असायची. पूर्वेचे गोंडे तितकेच पांढरे, तितकेच देखणे, आणि त्यांच्यावर चिटपाखरू नाही. मधमाशीसुद्धा सरी ओलांडून तिकडं जात नव्हती.

मार्चअखेर गोंडे कापून ताडपत्रीवर वाळत घातले. दोन ढीग वेगळे ठेवायचे असं बाईंनी ठरवलं होतं. वाळल्यावर त्यांनी पश्चिमेचा एक गोंडा तळहातावर चोळला आणि फुंकर मारली. टरफल उडालं आणि काळंभोर बी राहिलं, मूठ भरून. पूर्वेचा चोळला. फुंकर मारली. हातावर पाच-सात दाणे राहिले, बाकी सगळं उडून गेलं.

"त्या अंगाला पाणी कमी बसलं," दीर म्हणाला. पाणी त्यानंच सोडलं होतं.

त्यानं पोकळ गोंड्यांचा फोटो दुकानदाराला पाठवला. दुकानदारानं लगेच दुसऱ्या एका बाटलीचा फोटो पाठवला.

आता राहिला रानाचा निकाल. "गोंडे भरले तर रान तुमच्याकडं" असं ठरलं होतं. निम्मे भरले होते. दिरानं फार न्यायानं वाटणी केली. भरलेल्या गोंड्यांखालचा पाव एकर वहिनींचा, पोकळ गोंड्यांखालचा पाव एकर उसाला. ते पोकळ कोणी केले हा प्रश्न त्या घरात कोणी काढला नाही. बाईंनी एकदा काढला, तर सासू म्हणाली, "मिळालं तेवढं गप घे." यंदा त्या पाव एकरात पुन्हा गोंडे आले आहेत. उरलेल्या पाव एकरात ऊस उभा आहे. आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं की तो समोरच दिसतो. तो दिरानं लावला, दुकानदारानं लावला, पण त्यातल्या काही सऱ्या माझ्या आहेत.

थंड देशातल्या गृहस्थांचं शेवटचं उत्तर अकरा दिवसांनी आलं होतं. त्यांनी लिहिलं, गट नक्की आहे, प्रजाती फोटोवरून सांगता येणार नाही, फोटो मात्र सुंदर आहेत. एका मान डोलावणाऱ्यानं त्याखाली मान डोलावली.

आणखी एक गोष्ट. गल्लीतलं गटार साफ करावं म्हणून मी ग्रामपंचायतीला आजवर अकरा अर्ज दिले आहेत. ते साफ झालेलं नाही. त्यांच्या आळसानं माझ्या अकरा अर्जांपेक्षा बाईंचं जास्त भलं केलं हे मला कबूल करावं लागतं. बारावा अर्ज लिहून तयार आहे. गोंडे निघेपर्यंत तो मी टेबलाच्या खणात ठेवला आहे. आजोबा म्हणतात, "बाहेर काढ, दिलास तरी काय फरक पडणार आहे?" तेही खरंच.

वहीत मी एक नवा रकाना आखला. तो नावाच्या आधी आहे. त्यावर लिहिलं आहे, "काय करते". पहिली नोंद बाईंना विचारून केली. त्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. न थांबता त्यांनी सांगितलं, "लिवा. ह्या गोंड्यावरनं त्या गोंड्यावर जाती. कुणाचं काय खात न्हाय. बसून बघितलं तर दिसतंय." शेवटचं वाक्य माशीविषयी नव्हतं, माझ्यासाठी होतं, पण मी तेही लिहिलं. नावाचा रकाना रिकामा ठेवला आहे.

तुमच्या माशीचा फोटो काल त्यांना दाखवला. मोठा करून, दोन्ही बोटांनी. त्यांनी नीट बघितला. निळी पाठ आवडली त्यांना. मग मला विचारलं, "काचेवर बसून करती काय ती?"

मला सांगता आलं नाही, कारण तुम्ही ते लिहिलेलं नाही. तेव्हा अर्धा तास खिडकीशी बसा, फोन खाली ठेवा, आणि बघून कळवा. बाई विचारणार आहेत.